आधी पोटरीतलं कणीस बघ

मुलुंड, मुंबई

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या बाजरीच्या झाडाच्या परागांचा फोटो मोबाईलवर मोठा करकरून पाहिला. परागकण आक्रसलेले, कोपरे आलेले, जिवंत पराग रंगवणाऱ्या ॲसिटोकार्माइनचा लाल रंग जवळजवळ कुणीच घेतलेला नाही. खाली तुझं वाक्य, "आई, मेल स्टराईल झाड मिळालं", म्हणजे पराग निकामी पण बीजांड धडधाकट असं नर वंध्य झाड, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. बाबा विचारत होते, पेढे आणू का. म्हटलं, जरा दम धरा, पोराला आधी एक पत्र जाऊ दे. फोनवर हे सांगायला गेले तर तू "हो, हो" म्हणून ठेवून देशील.

या फोटोवरून एवढंच कळतं की पराग मेलेत. का मेले, ते त्यात दिसत नाही. पक्व परागकण हा अगदी शेवटचा टप्पा. बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असू शकतो, आणि तो कुठे झाला यावरच त्या झाडाची किंमत ठरते.

बाजरीची गुणसूत्रं चौदा, म्हणजे सात जोड्या. संख्येने कमी आणि आकाराने मोठी, त्यामुळे शिकणाऱ्याला पीक मोठं सोयीचं. कणीस अजून पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या खोळीत, असतानाच परागकोशात अर्धगुणसूत्री विभाजन चालू होतं. प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याला लांबीभर चिकटतं, तुकड्यांची देवाणघेवाण होते, मग सातही जोड्या पेशीच्या मध्यावर रांगेत येतात आणि एकेक जोडीदार एकेका ध्रुवाकडे ओढला जातो. हे चिकटणंच फसलं तर मध्यावर सात जोड्यांऐवजी चौदा सुटी गुणसूत्रं विखुरलेली दिसतात. कोणी इकडे जातं, कोणी तिकडे, कोणी मध्येच मागे राहून त्याचं वेगळं छोटं केंद्रक होतं. एका कणात पाच, दुसऱ्यात नऊ. असे कण जगत नाहीत. मक्यातला हा दोष बीडल आणि मॅक्लिंटॉक या जनुकशास्त्रज्ञांनी १९२८ मध्येच मांडला होता, आणि तो एका जनुकामुळे होतो हेही दाखवलं होतं. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामांसाठी.

इथे आणखी एक बारकावा आहे. काही झाडांत जोड्या मुळात जमतच नाहीत. काहींत जमतात आणि वेळेआधी सुटतात. मध्यावर आलेल्या पेशी बघशील तर दोन्ही सारख्याच दिसतील. फरक कळतो तो त्याआधीच्या पॅकिटीन अवस्थेत, गुणसूत्रं लांब दोऱ्यासारखी असताना. ती स्लाईड जमायला चिकाटी लागते, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आता मुख्य मुद्दा. जोडीचा दोष असेल तर तो सहसा फक्त परागापुरता राहत नाही, कारण बीजांडातही हेच विभाजन व्हायचं असतं. म्हणजे तुझं झाड नर वंध्य नाही, नुसतं वंध्य आहे. बसराई केळ्याचं तेच. गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३, जोड्या नीट लागत नाहीत आणि बी धरत नाही. केळ्याला त्याने काही बिघडत नाही, उलट बिनबियांचं फळ आपल्याला हवंच असतं आणि लागवड कंदांनी होते. बाजरीत आपण खातो तेच बी.

हे तपासायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. त्या झाडाला फुटवे असतीलच. एका फुटव्याच्या कणसावर, कुक्षी बाहेर पडायच्या आधी, बटर पेपरची पिशवी चढव. दुसरं कणीस उघडं ठेव. बाजरीत कुक्षी आधी येतात आणि परागकोश मागाहून, तेव्हा उघड्या कणसाला शेजारच्या झाडांचे पराग भरपूर मिळतात. पिशवीतलं कणीस रिकामं आणि उघडं गच्च भरलेलं, तर मादी बाजू ठणठणीत आहे आणि तुझा आनंद रास्त आहे. उघड्यावरही चारदोनच दाणे आले तर जोडीच्या दोषाचा संशय धर. ते चारदोन दाणे मात्र टाकू नकोस. त्यांतून कधी कधी पंधरा गुणसूत्रांची झाडं निघतात, आणि जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे ते शोधायला तीच उपयोगी पडतात.

तिसरी शक्यता तुझ्या सरांनाही सुचली असेल. ते बियाणं किरणोत्सर्ग दिलेलं होतं का? इथे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांनी जनुकांत बदल घडवून, म्हणजे उत्परिवर्तनाने, भुईमुगाचं केवढं काम झालंय, टीएजी-२४ हा वाण तिथलाच. पण किरणांनी गुणसूत्रं तुटून तुकड्यांची अदलाबदलही होते. मग दोनदोनच्या जोड्यांऐवजी चार गुणसूत्रांचं कडं तयार होतं आणि साधारण निम्मे पराग पोकळ निघतात. तुझ्या स्लाईडवर जवळपास सगळेच मेलेत, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते. तरी मोजल्याशिवाय "सगळे" असं लिहू नकोस.

पिकाचं नशीब पालटलं ते वेगळ्याच वंध्यत्वाने. पेशीद्रव्यातून येणाऱ्या नर वंध्यत्वात जोड्या बहुधा व्यवस्थित जमतात, विभाजन पार पडतं, आणि पराग नंतर उपासमारीने मरतात. दोष मायटोकाँड्रियात असतो, म्हणून तो आईकडून उतरतो. बीजांड मात्र धडधाकट. अशा नर वंध्य वाणाला ए लाईन म्हणतात. तिला बी लाईनचे, म्हणजे तिच्याच सुपीक जुळ्या वाणाचे, पराग दिले की पुन्हा ए लाईन, आर लाईनचे, म्हणजे सुपीकता परत आणणाऱ्या वाणाचे, दिले की शेतकऱ्याला विकायचं संकरित बियाणं, ज्याच्या कणसात दाणे भरतात. जॉर्जियातल्या टिफ्टनला बर्टन या पैदासकारांनी काढलेली टिफ्ट २३ए ही ए लाईन वापरून पंजाबात एचबी-१ ही संकरित बाजरी झाली, १९६५ साली. ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण त्याच्या आदल्या वर्षीचा. नुसत्या जनुकीय वंध्यत्वावर काम भागवायचं तर दर हंगामात निम्मी झाडं सुपीक निघतात, ती फुलोऱ्यात ओळखून उपटावी लागतात. आयसीपीएच-८ या तुरीच्या संकरित वाणाला १९९१ नंतर तेच जड गेलं.

म्हणून हाती लागलेली प्रत्येक पेशीद्रव्यी लाईन डोक्यावर घेऊन नाचावं, असं मात्र मला कधीच वाटलं नाही. अमेरिकेत मक्याचं बहुतेक संकरित बियाणं टी नावाच्या एकाच वंध्य पेशीद्रव्यावर आलं होतं. १९७० मध्ये पानांवरच्या करप्याच्या एका प्रकाराने नेमकं तेच पेशीद्रव्य गाठलं आणि सुमारे १५ टक्के पीक गेलं. बाजरीत आपल्याकडे गोसावी या बुरशीजन्य रोगाने एचबी मालिकेतले संकरित वाण झोपवले, पण तिथे खोट पेशीद्रव्याची नव्हती. मोजकेच आईबाप सगळीकडे वापरल्याची होती. या दोन गोष्टी प्रबंधात एकत्र करू नकोस. परीक्षक तिथेच पकडतात.

तर आता कामाचं. त्याच झाडाचा अजून पोटरीत असलेला एखादा फुटवा मिळाला तर सकाळी काढ आणि तिथेच तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्लात टाक. चोवीस तासांनी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. एकाच कणसात पुढचेमागचे टप्पे सापडतात, तेव्हा दोनतीन ठिकाणचे परागकोश घे. स्लाईड दिव्यावर कोमट कर, उकळू देऊ नकोस, आणि टिपकागदावरून अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप सरकली तर ती स्लाईड सोडून दुसरी कर. शेजारच्या निरोगी झाडाचीही स्लाईड हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

झाडाला लेबल लाव, आणि राखणदाराला सांगून ठेव. कापणीच्या घाईत नेमकं तेच झाड जातं. पोळ्याला येशील तेव्हा कुप्या नीट बंद करून आण. माझा जुना सूक्ष्मदर्शक पुसून ठेवलाय, फक्त त्याचा दिवा बाबांनी अजून दुरुस्त करून आणलेला नाही.

तुझी,
आई