मिती फक्त पर्याय खोडायला?

संपादक महोदय,

अकरावीचे क्लास सुरू झाले की नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतली मुलं फिजिक्सच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. यंदा एकीजवळ क्लासने दिलेलं लॅमिनेटेड कार्ड होतं. त्यावर मिती, म्हणजे कोणती राशी किलोग्रॅम, मीटर, सेकंद यांच्या कुठल्या घातांनी बनते ते: कार्याची मिती, दाबाची मिती, श्यानतेची मिती, सगळं घोकायला. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, ''एमसीक्यूत चुकीचे ऑप्शन उडवायला, काकू.''

तोही उपयोग आहेच. पण मिती जुळवून सूत्र मांडता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोलकाचंच घ्या. दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, गोळ्याचं वस्तुमान, दोरीची लांबी आणि गुरुत्वीय त्वरण यांवर ठरत असेल, असं समजू. उत्तर सेकंदांत हवं. सेकंद आहे फक्त त्वरणात (मीटर भागिले सेकंदाचा वर्ग), तोही वर्ग होऊन छेदात. म्हणजे त्वरणाचं वर्गमूळ छेदात घ्यायचं. त्यासोबत येणारं मीटरचं वर्गमूळ कापायला लांबीचं वर्गमूळ अंशात. आणि किलोग्रॅम? तो कापायला दुसरं कुणीच नाही, तेव्हा वस्तुमान बाहेर!

हे काही तिला पटेना. मग गॅलरीच्या ग्रिलला सुतळीने आधी कपाटाचं बारकं कुलूप टांगलं, मग गेटचं थोरलं. ग्रिलपासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर. जाऊन-येऊन दहा हेलकावे, दोन्ही वेळा जवळपास २० सेकंद. म्हणजे एकाला दोन. सूत्रातलं लांबी भागिले त्वरण याचं वर्गमूळ येतं ०.३२, दोनला त्याने भागलं की सव्वासहाच्या आसपास. ही पायची (π) दुप्पट, हे मितींतून कळत नाही. त्याला प्रयोग किंवा गणित लागतं.

१९४५च्या न्यू मेक्सिकोतल्या अणुचाचणीचे फोटो पुढे प्रसिद्ध झाले, त्यांवरून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी स्फोटाची ऊर्जा काढली ती याच वाटेने. अग्निगोलाची त्रिज्या, वेळ, हवेची घनता. ऊर्जा त्रिज्येच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात. स्थिरांक, म्हणजे वरच्या पायच्या दुपटीसारखा आकडा, त्यांनी वेगळा काढला. १९५०च्या शोधनिबंधात उत्तर होतं सुमारे १७ हजार टन टीएनटी.

आपल्या शिक्षणाच्या पानावर 'हमखास येणारे प्रश्न' छापता, त्यातली थोडी जागा अशा कोड्यांना द्यावी. पहिलं माझ्याकडून: खोल समुद्रातल्या लाटेचा वेग तरंगलांबी, गुरुत्वीय त्वरण आणि पाण्याची घनता यांवर अवलंबून आहे असं धरलं, तर सूत्र कसं येईल आणि घनतेचं काय होईल?

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे