ताई, तुम्ही आधी लेकीला खेळायला पाठवलंत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

शाळेतून बोलावणं आलं त्या दिवशी मी लेकीलाच दुभाषी म्हणून सोबत आणलं होतं. इथली भाषा मला अडखळत येते, ती मात्र घडाघडा बोलते. बँक असो की घरमालक, माझ्या वतीने तीच बोलायची. पण त्या दिवशी विषय माझा होता. मी तिच्यावर हात उचलला होता आणि तिने ते वर्गात सांगितलं होतं. तेच आता नऊ वर्षांच्या पोरीने बापाला समजावून सांगायचं, हे किती भयंकर आहे, ते तुम्ही शाळेत आमच्या मदतीला येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही वाकून तिला म्हणालात, "हे मोठ्यांचं काम आहे. तू खेळायला जा." ती पळतच गेली.

"आम्हीही मार खाऊनच मोठे झालो," असं मी तावातावाने म्हणालो. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "मार खाल्ल्यावर तुम्ही घरी काय काय सांगायचं बंद केलं होतं?" उत्तर मला ठाऊक होतं. देता आलं नाही.

मुलांचे हक्क म्हणजे परक्या मुलखात आपलं मूल हिरावून घेण्याची सोय, अशी माझी समजूत होती. रात्र रात्र झोप लागत नव्हती. तुम्ही १९८९चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार समोर ठेवलात. आपण सोडून आलो त्या देशानेही तो मान्य केलाय, हे मला तेव्हा कळलं. कलम १९ : मुलांचं हिंसेपासून रक्षण, आणि त्यात आईवडिलांचा मारही आला. तिथे तुम्ही शब्द मवाळ केले नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. मग कलम ५ : मुलाच्या वाढत्या समजेप्रमाणे त्याला वळण लावणं हा आईवडिलांचा हक्क, आणि कर्तव्यही. कलम २९ तर मी तुम्हाला दोनदा वाचायला लावलं. शिक्षणातून मुलाच्या मनात आपल्या आईवडिलांबद्दल, आपल्या भाषेबद्दल आदर वाढावा, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं! माझ्या छातीवरचा दगड तिथे उतरला.

मुलाचं मत विचारात घ्यायचं म्हणजे ते म्हणेल तसंच करायचं असं नव्हे, वय आणि समज पाहून त्याला वजन द्यायचं, हेही तुम्हीच समजावलंत. घरी आल्यावर मी लेकीला विचारलं, जादा शिकवणीला जायचंय का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही म्हटलं तर चालेल?" ताई, तिच्या आवाजातली ती भीती मी घातलेली होती. आम्ही निम्मे दिवस ठरवले.

राग अजूनही येतो. आला की दुसऱ्या खोलीत जातो, तुम्ही सांगितलंत तसा.

परवा दवाखान्यात गेलो तेव्हा तुम्ही पाठ करून घेतलेलं वाक्य नोंदणीच्या खिडकीपाशी म्हटलं : मला दुभाषी हवा. लेक कोपऱ्यात चित्र रंगवत बसली होती. मान वर न करता तिने माझा एक उच्चार तेवढा सुधारला.

तुमचा ऋणी,
एक बाप