क्लबात टाउन प्लॅनर हवाच

संपादक साहेब, आमच्या इथले रिटायर्ड टाउन प्लॅनर, म्हणजे शहराचा आराखडा आखणारे अधिकारी, एका सेवाभावी क्लबात आले तेव्हा काहींनी नाकं मुरडली, म्हणे बिल्डर लोकांच्या ओळखी असतील. पण बसस्टॉपजवळ वॉटर कूलर बसवायचं ठरलं तेव्हा ह्यांनीच विचारलं, सांडलेलं पाणी जाणार कुठे, तोवर बाकीचे देणगीदाराच्या नावाची पाटी केवढी करायची यावरच वाद घालत बसलेले! १९०५ ला शिकागोत सुरू झालेल्या रोटरी या सेवाभावी क्लबचं पहिलं लोकोपयोगी काम सार्वजनिक शौचालयाचं होतं, हेपण त्यांनीच सांगितलं. नोकरीत असलेल्या प्लॅनरने मात्र क्लबच्या जागेची फाइल स्वतः हाताळू नये, तेवढं पथ्य पाळायलाच हवं. आणि डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकती-सूचना कशा लिहायच्या याचा एखादा क्लास रविवारी घ्या म्हणावं, आम्ही येतो.

– एक वाचक