दोन केबीचा हिशेब चुकला की ओलित थांबतं

मा. संपादक,
स. न.

मोबाइलवरून मोटरपंप चालू-बंद करणाऱ्या पेट्या आता आपल्याकडची पोरं स्वतः बनवतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तक्रार मात्र जिकडेतिकडे तीच: पेटी आठ दिवस नीट चालते, मग उत्तर देत नाही, बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. दोष व्होल्टेजला दिला जातो. पण नुसत्या रिस्टार्टने बरी होणारी पेटी बऱ्याचदा मेमरीच्या दुखण्याची असते.

पेटीत आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड असेल, तर त्यावरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये प्रोग्रॅमला ३२ केबी जागा (फ्लॅश) असते, पण चालू कामाची रॅम फक्त २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. 'मोटर चालू झाली' असा प्रत्येक ठरलेला मजकूरही एरवी याच रॅममध्ये येऊन बसतो. छापायचा मजकूर प्रोग्रॅममध्ये एफ() या आज्ञेच्या कंसात घातला की तो फ्लॅशमध्येच राहतो. एवढ्यानेच कितीतरी जागा सुटते.

खरा घात करतो तो 'स्ट्रिंग', म्हणजे लांबी बदलत जाणारा मजकूर ठेवण्याचा प्रकार. एसएमएसला एकेक अक्षर जोडत गेलं की रॅममध्ये जागा पुन्हापुन्हा मागितली आणि सोडली जाते, मध्ये तुकडे उरतात. बेरीज केली तर ३०० बाइट मोकळे, पण एका एसएमएसला लागणारे सलग १६१ मिळत नाहीत. मग मजकूर अर्धवट राहतो आणि 'बंद' हा हुकूम पेटीला कळतच नाही. विहीर आटली तरी मोटर कोरडी फिरते. त्याऐवजी १६१ बाइटचा एकच कॅरेक्टर अ‍ॅरे (अक्षरांची ठरावीक लांबीची रांग) सुरुवातीलाच राखून ठेवावा: १६० अक्षरं आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचं शून्य. शिवाय येणारी अक्षरं वाचेपर्यंत धरून ठेवणारा सिरियल बफर ६४ बाइटचा असतो. ९६०० बॉडच्या वेगाला तो सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरतो. प्रोग्रॅममध्ये एक सेकंदाचा डिले (थांबा) असेल, तर लांब एसएमएसचं शेपूट तिथेच गळतं.

प्रोग्रॅम कंपाइल झाल्यावर (चिपच्या भाषेत उतरल्यावर) दिसणारा रॅमचा आकडा फक्त कायमच्या व्हेरिएबलचा असतो. स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅम चालताना तात्पुरती लागणारी जागा, त्यात धरलेला नसतो. म्हणून तो ७५ टक्क्यांच्या आत ठेवावा.

ईईप्रॉमचं, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचं, गणित वेगळं. एका जागेवर लिहिण्याची हमी १ लाख वेळांची. आठ तास वीज धरून दर मिनिटाला मोटरचे तास एकाच जागी लिहिले, तर दिवसाला ४८० नोंदी, म्हणजे २०८ दिवसांत ती हमी संपते. तिच्या १०२४ बाइटमध्ये १६ बाइटचे ६४ कप्पे पाडावेत आणि अनुक्रमांक टाकून पाळीपाळीने लिहावं. तीच मुदत ६४ पट होते. नोंदीत चेकसमही (नोंद पुरी उतरली का हे पडताळणारा आकडा) हवा, कारण आपल्याकडे लाइन लिहिता-लिहिताच जाते.

अडकलेली पेटी आपोआप रिस्टार्ट करणारा वॉचडॉग जरूर लावावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. त्याने पेटी उठते खरी, पण मोटर चालू ठेवणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि रात्रपाळीचं ओलित अर्ध्यावर थांबतं.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये अशा प्रकल्पांना गुण देण्याआधी पेटी सलग सात दिवस चालवून, दर तासाला मोकळ्या रॅमची नोंद मागावी, ही विनंती.

— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती