नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक हवेत : नावं रविवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,

यंदा जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत नवे एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतलेले) कामाला लागलेत. त्यांच्या पाठीशी कुणीतरी अनुभवी माणूस हवा, या गेल्या बैठकीतल्या गोष्टीची पुन्हा आठवण करून देतेय.

ज्यांचा किमान पाच वर्षांचा प्रत्यक्ष केसवर्कचा (एकेका व्यक्तीसोबत, कुटुंबासोबत काम करण्याचा) अनुभव आहे, त्यांनी नाव द्यावं. आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, एकाच कार्यकर्त्यासोबत. फोनवर घाईघाईत नको. केसच्या नोंदी वाचून बोलायचं, नोंदीत नावं बदललेली असावीत. मात्र मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गोपनीयता आड येत नाही. पॉक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगा.

मागच्या पावसाळ्यात धडगावहून परतताना एक नवी कार्यकर्ती मुलगी एसटीत माझ्या शेजारी बसली होती. कुपोषित बाळ दगावलं होतं त्या घरून ती आली होती. शहाद्यापर्यंत वही उघडी, एक अक्षर लिहिलेलं नाही. 'ताई, मी काय चुकले?' एवढंच विचारलं तिनं. चुका काढणं हा मार्गदर्शकाच्या कामाचा लहानसा भाग आहे. अशा वेळी शेजारी बसणं हे त्याहून मोठं.

अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्यांनी तर जरूर पुढे या, पाड्यावरचं बोलणं समजणारा मार्गदर्शक फार मोलाचा. नाव, तालुका आणि सोयीचा वार याच ग्रुपवर टाका.