काका, तुम्ही आईला ल्युबेक दाखवलंत

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चारचौघांनी वाचावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, असं आईने बजावलंय.

हॅम्बुर्गला आल्यावर उत्तर जर्मनीतलं ल्युबेक हे जुनं बंदर-शहर बघायचंच होतं. पण आईचे गुडघे आणि तिथले दगडी रस्ते, जमायचं कसं? ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेले तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणालात, "ताईंना घेऊन या. घाई अजिबात करायची नाही." आणि दिवसभर घडीचं स्टूल तुम्ही स्वतःच्या खांद्याला अडकवून फिरलात.

होल्स्टनटोरसमोर सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. १४७८ च्या सुमाराला पुरी झालेली ती वेस, मऊ जमिनीत खचून कललेले तिचे दोन बुरूज. पण तुम्ही आईला तिथे फार रेंगाळू दिलं नाहीत. शेजारी त्रावे नदीकाठी विटांची सहा जुनी गोदामं आहेत, तिथे स्टूल मांडलंत आणि म्हणालात, "ताई, हे शहर मिठावर उभं राहिलं."

मग तुम्ही जे सांगितलंत ते आई अजून शेजारणींना सांगते. मीठ ल्युनेबुर्ग गावच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून केलेलं; आधी गाड्यांवरून यायचं, १३९८ पासून कालव्याने होड्यांतून. इथून ते जहाजांवर चढायचं आणि आज स्वीडनमध्ये असलेल्या स्कोने किनाऱ्यावर जायचं. तिथे हेरिंगचे थवेच्या थवे येत. मासा साफ करून मिठात घालून पिंपांत भरायचा, की तो महिनोन्‌महिने टिकून युरोपभर विकला जायचा. ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य, मासा मात्र चालायचा, त्यामुळे गिऱ्हाईक कायमचं. आईचं माहेर कोकणातल्या हर्णै बंदराचं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आमचे खारे बांगडेच की!" तिथून पुढे ते शहर तिला परकं राहिलं नाही. हान्सा हा व्यापारी शहरांचा जुना संघ, त्यातलं ल्युबेकचं पुढारपण, १९८७ मधली जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता हे सगळं मी पुस्तकातून वाचून गेले होते. तिला ते माशाच्या वासावरून कळलं, आणि माझ्यापेक्षा पक्कं कळलं.

मारियनकिर्शे या चर्चमध्ये मात्र आम्ही दोघीही गप्प झालो. आसपास बांधकामाचा दगड नाही, म्हणून भाजलेल्या विटांवर विटा रचून जवळजवळ ३८ मीटर उंच कमान उभी केली. आणि ती बिशपने नव्हे, शहरातल्या व्यापाऱ्यांनी. दक्षिणेच्या मनोऱ्याखाली फुटलेल्या घंटा पडल्या आहेत. मार्च १९४२ मधल्या बॉम्बहल्ल्याच्या रात्री त्या वरून कोसळल्या, तशाच ठेवल्या आहेत. धातूचे पिळवटलेले तुकडे, खालची फरशी चेचलेली. आईने हात जोडले. तुम्ही काही समजावून सांगितलं नाहीत, तेच बरं केलंत.

फ्युख्टिंग्सहोफ मला सगळ्यांत आवडला. एका व्यापाऱ्याने ठेवलेल्या पैशांतून १६३९ मध्ये व्यापाऱ्यांच्या आणि जहाजांच्या कप्तानांच्या विधवांसाठी बांधलेली घरं. आत शिरताना तुम्ही आम्हाला हळू बोलायला सांगितलंत, कारण तिथे आजही माणसं राहतात.

आणि याकोबीकिर्शे. खलाशांच्या त्या चर्चमध्ये 'पामीर' जहाजाची मोडकी जीवरक्षक होडी ठेवली आहे. १९५७ च्या सप्टेंबरात अटलांटिकमधल्या वादळात हे शिडाचं जहाज बुडालं. ८६ जणांपैकी ६ वाचले. गेलेल्यांत कितीतरी शिकाऊ पोरं. आईने होडीच्या फुटक्या फळ्या निरखून पाहिल्या आणि सरळ विचारलं, "माल कसा भरला होता?" तुम्ही क्षणभर तिच्याकडे बघितलंत, आणि मग दोन दर्यावर्दी बोलावेत तसे बोललात. बहुतेक जव पोत्यांत न भरता सुटाच ओतला होता, वादळात तो एका अंगाला सरकला, जहाज कललं ते सावरलंच नाही. तांडेलाच्या मुलीला अशी उत्तरं समजतात. वडिलांच्या होडीबद्दल ती जे बोलली ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काका, यासाठी तुमचे आभार कसे मानू?

परतीच्या गाडीत बसवून देताना तुम्ही तिच्या हातात मार्झिपानचा, म्हणजे तिथल्या बदामाच्या मिठाईचा, डबा ठेवलात आणि "यंदा कोकणात येतो" असं कबूल केलंत. तारीख कळवा. आई रोज विचारते, आणि तुम्हाला हर्णैचा मासळीचा लिलाव तीच दाखवणार आहे, असं तिचं ठरलंय.

तुमची,
ताईंची लेक