मंत्रीसाहेब, रिकाम्या हॉलची तपासणी आता पुरे

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. सार्वजनिक हॉल चालवणारी आमच्यासारखी मंडळी म्हणजे पगार नाही, मानधन नाही, आपापले उद्योग सांभाळून बुकिंगची वही, लाइट बिल आणि तुंबलेलं बाथरूम बघायचं, आणि उद्या आग लागली तर जबाबदार पण आम्हीच. जबाबदारी नको असं म्हणत नाहीये, ती आमचीच आहे. पण हॉल भाड्याने दिला की त्या संध्याकाळपुरती ती कुणाकडे जाते, आयोजकाकडे की कमिटीकडेच राहते, हे कुणी धड सांगतच नाही.

तपासणी होते ती रिकाम्या हॉलची. पॅसेज मोकळा, दरवाजे उघडे, सगळं ओके, सही-शिक्का. खरा धोका कार्यक्रमाच्या दिवशी उभा राहतो हो. डेकोरेटरला बॅकड्रॉप लावायला नेमकी मागच्या दरवाजाचीच भिंत आवडते, पडदा ताणला की दरवाजा गायब, वरचा एक्झिटचा दिवा फोटोत येतो म्हणून त्याच्यावरही कापड. फुकटे घुसतात म्हणून बाजूच्या दाराला साखळी, आणि तिची किल्ली ज्याच्या खिशात तो गाडी लावायला गेलेला. जादा खुर्च्या पॅसेजमध्ये, साउंडवाल्याची सगळी एक्स्टेंशनं एकाच बोर्डात. जो तो आपलं काम करून मोकळा, विचारलं की बोट दुसऱ्याकडे.

आणि फायर एक्स्टिंग्विशरचं तर विचारूच नका, आमच्याकडे तपासायला आलेल्या माणसाने नवा टॅग अडकवला पण आतला दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्टीत आहे की लाल ते बघितलंच नाही, बघायला मान तेवढी वर करायची होती!

बंद दरवाजा काय करतो हे जगाला माहीत नाही असंही नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये कार्यक्रमानंतर खाली खेळणी वाटतायत म्हणून गॅलरीतली पोरं जिन्याने धावत सुटली, खालचा दरवाजा आत उघडणारा, त्यात एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून खिट्टी घातलेली. 183 मुलं चेंगरून गेली, आग लागलेलीच नव्हती. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात 1942 मध्ये आग लागून 492 माणसं गेली, मेन एन्ट्रन्सचा फिरता दरवाजा गर्दीने अडकला आणि बाकीच्या वाटांपैकी काही कुलूपबंद. 1995 मध्ये हरियाणात डबवालीला लग्नाच्या हॉलमध्ये शाळेचा कार्यक्रम होता, आगीत 400 हून जास्त जीव गेले, त्यात बरीचशी लहान मुलं. धूर भरला की दिसत काहीच नाही आणि लोक आत आले त्याच दाराकडे पळतात, दुसरा दरवाजा आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

इंग्लंड-वेल्समध्ये 2005 चा फायर सेफ्टीचा कायदा आहे, त्यात 'जबाबदार व्यक्ती' ठरलेली असते आणि एकाच इमारतीत असे दोघं-तिघं असतील तर त्यांनी एकमेकांशी ताळमेळ ठेवायचा हेही कायद्यातच आहे. आम्हाला हेच पाहिजे. प्रत्येक बुकिंगच्या पावतीवर एक नाव, कार्यक्रम संपेपर्यंत हॉलमध्ये हजर राहणाऱ्या माणसाचं, आणि त्याने कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दरवाजा स्वतः ढकलून बघायचा. हॉलमध्ये किती माणसं मावतात तो आकडा दारावर मोठ्या अक्षरात. आणि साखळी काढत नसाल तर कार्यक्रम बंद, असं म्हणायचा लेखी अधिकार आम्हाला द्या, कारण आत्ता असं बोललो की आयोजक ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतो आणि आम्हीच व्हिलन ठरतो (तो फोन कधीकधी तुमच्याच ऑफिसातून येतो, राग मानू नका).

तुमच्या अधिकाऱ्यांना न सांगता पाठवा, कार्यक्रम ऐन रंगात असताना. सुरुवात आमच्या हॉलपासून केली तरी चालेल.

आपला,
एका हॉल कमिटीचा सभासद